पऱ्हाटीवरच्या लाल गाठी

वानखडे सरांनी माझ्या थीसिसवर सही केली नाही. आज सकाळी ते अकोल्यात वारले.

माझे पीएचडीचे गाइड. अमरावतीतली त्यांची लॅब म्हणजे एक मायक्रोस्कोप, दोन कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात वाळलेली पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर शेतातून मुळासकट आणलेली.

"हा आपला न्यूरॉन," म्हणायचे. मेंदूतली पेशी. फांद्यांवर लाल लोकरीच्या गाठी. गाठ म्हणजे सिनॅप्स, दुसऱ्या न्यूरॉनचा निरोप येतो ती जागा.

"गाठी किती, हे कोनीबी मोजते. कोनती कुठं बसली, कोनाच्या बाजूले बसली, ते पाहा लागते."

उंदराच्या मेंदूच्या फोटोंवरून प्रत्येक सिनॅप्सची जागा ते वहीत पेन्सिलने लिहीत. अशा ढीगभर वह्या.

मी कंटाळले. कॉम्प्युटरमधल्या न्यूरॉनच्या मॉडेलमध्ये फक्त संख्या भरली. जागा कॉम्प्युटरलाच सारख्या अंतरावर वाटून घ्यायला सांगितल्या.

सबमिशनच्या दिवशी दुपारी दोनला सरांनी ते पकडलं.

ऑफिस पाचला बंद होणार. माझी कॉलेजातली नोकरी त्याच तारखेवर अडकलेली. आणि सर त्याच दिवशी रिटायर. आज सही झाली नाही तर गाइड बदलणार.

"सर, कोनाले कळनार आहे?"

"मले कळलं ना."

त्यांनी वही उघडली. "मी वाचतो, तू टाक. एकच न्यूरॉन करू."

मी टाईप करत होते आणि घड्याळ बघत होते. सर सावकाश वाचत होते, मुद्दाम केल्यासारखे.

मॉडेल रन केलं. सिनॅप्स तेवढेच होते. विखरून ठेवले तेव्हा हा न्यूरॉन गप्प होता. खऱ्या जागांवर, एकाच फांदीवर खेटून बसलेले आठ सिनॅप्स एकदम बोलले आणि तो फायर झाला, त्याने पुढे निरोप धाडला.

माझं अख्खं प्रकरण चुकलं होतं. चार पस्तीस झाले होते.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "सांग बाई. करू का सही?"

मला त्यांचा भयंकर राग आला.

"नका करू," मी म्हणाले. दारातून वळून म्हणाले, "तुमचं काय जाते? नोकरी तर माही गेली."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्या माझ्या घरी आल्या. सोबत पऱ्हाटी.

वर्षभर बसून एकेक जागा भरली. थीसिस दुसऱ्या गाइडच्या नावाने गेला. मी सरांची शेवटची विद्यार्थिनी, आणि कव्हरवर त्यांचं नाव नाही. हे त्यांना त्या दुपारी दोनलाच माहीत होतं.

मी माफी मागितली नाही. लाज वाटायची, म्हणून फोनही टाळले.

सर, तुमचंबी गेलंच होतं. मले कळलं होतं.

पऱ्हाटी माझ्या टेबलावर आहे. एकही गाठ सरकवलेली नाही.

जय भीम, सर.