बाजेवरून घेतलेला राउंड

माझ्या लेकीचा जन्म झाला तेव्हा मी बालरोगात एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. म्हणजे लहान लेकरांविषयी मला सगळं माहीत होतं. इतकं माहीत असण्याचे दिवस आयुष्यात पुन्हा आले नाहीत. पुढं स्वतःचा दवाखाना टाकला, गावोगावची पोरं तपासली, आता नातीचं नाक पुसते, आणि माझं ज्ञान काही वाढताना दिसत नाही. पण नव्वदच्या दशकातली ती डॉक्टरीणबाई! गळ्यात स्टेथोस्कोप, पोट इतकं पुढं की पाळण्यातल्या पेशंटपर्यंत हात पोचत नव्हता, आणि तरी राउंडला सगळ्यांच्या पुढं.

आमचे विभागप्रमुख सर शिस्तीचे. मला दिवस गेलेत हे त्यांना सांगायचं धाडस मला सातव्या महिन्यापर्यंत झालं नाही. मी फक्त एप्रन मोठे मोठे शिवून घेत गेले. समजत होते की कुणाला काही कळत नाही. शेवटी रजेचा अर्ज घेऊन सरांच्या खोलीत गेले, तर चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "आणलात का अर्ज? मला वाटलं, आता थेट बारशालाच बोलावताय."

रजा मंजूर झाली. पण सरांनी बजावलं की रजा संपल्यावर पहिल्या सकाळी राउंडला हजर व्हायचं. तेव्हा उशीर झाला तर टर्म भरायची नाही, टर्म भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, आणि माझ्याबरोबरचे सगळे पास होऊन मला 'काय मग' म्हणायला मोकळे. हे 'काय मग' मला बाळंतपणाच्या कळांपेक्षा जास्त भिववत होतं. कळा तोवर यायच्या होत्या, म्हणा.

अडचण दवाखान्याची नव्हती, घरची होती. माझं माहेर कुरुंद्याचं, हळदवाल्यांचं. सासर शिरड शहापूरचं, थोडी शेती आणि पुष्कळ शेळ्या. सासरची रीत अशी की पाच महिने झाल्याशिवाय लेकरानं आजोळची वेस ओलांडायची नाही. रजा तर त्याच्या कितीतरी आधी संपत होती. ही रीत वाकवायचा अधिकार घरात एकट्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी कॅनॉलवरचा माणूस. मला पाणी सोडा म्हण, सोडतो. आईला मात्र तूच बोल."

तर असं हे टांगलेलं ठेवून मी कुरुंद्याला बाळंत झाले. लेक झाली, झकास रडली. आईनं मला बाजेवर टाकलं, खाली शेगडी ठेवली, कानाला फडकं गुंडाळलं, पोटाला पट्टा आवळला आणि हातात डिंकाचा लाडू दिला. मी डोक्याशी पुस्तकांची पेटी ओढून घेतली आणि बाजेवरूनच वॉर्ड चालू केला.

सकाळी आईनं मला लेकराविषयी सगळं सांगायचं: दूध किती वेळा, शी कसली, रडणं कोणत्या सुरात. आईनं बिचारीनं पहिल्या दिवशी उभं राहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, लेकरू तुझ्याच कुशीत हाय. मला काय इचारून राहिलीस?" पुढं मी दारावर खडूनं लिहिलं: भेटीची वेळ चार ते सहा. आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईनं साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, असा हुकूम सोडला.

इथं पहिला घोटाळा झाला. आमच्या गावात पाहुण्याला साबण आणि पाण्याचा तांब्या पुढं केला, की त्याचा एकच अर्थ होतो. पहिल्याच दिवशी भावकीतल्या सात-आठ बायकांनी व्यवस्थित हात धुतले, पदराला पुसले, आणि ओसरीवर ओळीनं मांडी घालून बसल्या. लेकराकडं कुणी बघेना. चुलती म्हणाली, "काहून माय, पत्रावळ्या मांडून देऊ का?" आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी कानाचं फडकं डोळ्यांवर ओढलं. मग आई चुलीपुढं बसली आणि परातभर शिरा झाला. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला गर्दी दुप्पट.

यातून जरा सावरतेय तोच दुसरं घडलं, आणि ते महागात पडलं. दवाखान्यातली सवय अशी लागलेली की लेकरू रडलं की माझे पाय झोपेतच खाली उतरायचे. एका दुपारी मी गाढ झोपले होते. लेक रडली. मी उठले, तिला उचललं, छाती ऐकली, पोट दाबलं, जीभ बघितली, टाळू चाचपली. सगळं ठीक. नुसती भूक. मी दारात जाऊन मोठ्यानं ओरडले, "सिस्टर! या बेबीची आई कुठं फिरतीये? बोलवा तिला, लेकरू भुकेलंय!"

ओसरीवर आई आणि चुलती शेंगा फोडत होत्या. दोघींचे हात थांबले.

आई म्हणाली, "माय माय माय. अगं, तूच हायस की गं तिची आई."

मी म्हणाले, "मी ड्यूटीवर आहे."

आता याला काय म्हणावं! मला पुरतं जागं व्हायला तांब्याभर पाणी तोंडावर मारावं लागलं. चुलतीला मात्र तेवढ्यात वेशीपर्यंत जाऊन यायला वेळ मिळाला. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की डॉक्टरीण लेकराला ओळखत नाही. बाजाराच्या दिवशी ही बातमी शिरड शहापूरला पोचली, आणि पोचेपर्यंत तिच्यात एवढी भर पडली होती की मी म्हणे लेकरू चुलतीच्या पदरात टाकून 'ज्याचं त्यानं न्यावं' म्हणाले.

बारसं सव्वा महिन्यानं ठरलं होतं. आत्याबाईंचा निरोप आला: "बारशाला येतो. सूनबाईचं डोकं ठिकाणावर हाय का ते आधी बघतो. मग दवाखान्याचं काय ते बोलू."

म्हणजे माझी परीक्षा आता बारशाच्या दिवशी होती, आणि परीक्षक आत्याबाई. मी ठरवलं की त्या दिवशी असं स्वच्छ, शिस्तीचं, नमुनेदार बाळंतपण दाखवायचं की त्यांनी स्वतः म्हणावं, जा बाई, तुझ्यासारखी हुशार बाई घरात का बसावी.

बारशाच्या चार-पाच दिवस आधी मी लेकराचे सगळे कपडे उकळायला काढले. लंगोट, दुपटी, झबली, कुंच्या, ढीगच होता. घरातलं पातेलं पुरेना. माझी नजर अंगणातल्या कढईवर गेली. हळद शिजवायचा हंगाम नुकताच सरला होता. शेतातल्या आखाड्यावरून आणलेली ती बैलगाडीच्या चाकाएवढी कढई अंगणात पालथी पडली होती. मी ती घासून घेतली. स्वतः नाही, बाळंतीण ना मी! बाजेवर बसून हुकूम सोडले आणि आईनं घासली. मग सगळे कपडे त्यात टाकून, घड्याळ लावून, रटरटा उकळले.

ज्या कढईनं वर्षानुवर्षं हळद शिजवलीय ती एकदा घासून सुधारत नाही. कपडे बाहेर निघाले ते नवरदेवाच्या अंगाला लावून आणल्यासारखे. आई म्हणाली, "पिवळे झाले गं."

मी म्हणाले, "रंगाचं काय घेऊन बसलीस? जंतू मेले का ते बघ."

आईनं लंगोट उलटून पालटून बघितला. म्हणाली, "मेले असतील माय. मला तर काई हलताना दिसून राहिलं न्हाई."

बारशाचा दिवस उजाडला. आत्याबाई आल्या, सोबत जावा-नणंदांचा जथा. मी बाजेवर ताठ बसले. आत्याबाईंनी लेकरू मांडीवर घेतलं, हात धुण्याचा हुकूम मी गिळून टाकला, आणि त्यांनी विचारलं, "सूनबाई, हे लेकरू कोणाचं?"

मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझंच, सर."

बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. "सर कोण?"

"चुकलं, आत्याबाई."

"मला हिचा दिमाग ठिकाणावर हाय असं न्हाई दिसून राहिलं," त्या आईला म्हणाल्या. "पाच महिने राहू द्या हिला इथंच. दवाखाना कुठं पळून चालला?"

आणि तेवढ्यात तेलानं माखलेल्या माझ्या लेकीनं आत्याबाईंच्या मांडीवर कार्यक्रम उरकला. आईनं लंगोट सोडला. मी बघितलं, आणि सासूबाई, परीक्षा, सगळं विसरले. लेकराच्या मांड्या पिवळ्या. पोट पिवळं. कुशी पिवळ्या.

महिना उलटून गेल्यावर लेकरू पिवळं दिसलं तर काय काय असू शकतं, हे मी त्याच आठवड्यात वाचलेलं. एका पानावर एक असे सगळे वाईट आजार माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी ओरडले, "कावीळ! जीप बोलवा! कुणी हात लावू नका!"

ओसरीवर कल्लोळ. पाळण्याच्या दोऱ्या धरलेल्या बायका दोऱ्या सोडून उठल्या. आत्याबाईंनी लेकरू उराशी धरलं. त्यांचे हात मला दिसले. पिवळे! मी त्यांचा हात ओढून उजेडात नेला. "आत्याबाई, तुम्हालाही आहे." मग आईचे हात बघितले. पिवळे. चुलतीचे तर नखांच्या कडांपर्यंत पिवळे. हळदीच्या हंगामाच्या आगंमागं कुरुंद्यात पिवळे नसलेले हात शोधायला परगावाहून माणूस आणावा लागतो, पण ते सुचायला डोकं जागेवर लागतं. मी जाहीर केलं, "साथ आहे! सगळ्यांनी ओळीत बसा!"

आणि बायका बसल्या हो. घाबरून बसल्या. मी कानाला फडकं, पोटाला पट्टा अशा अवतारात एकेकीची पापणी खाली ओढत राउंड घेतला. आत्याबाईंची पापणी ओढली: डोळा पांढरा. आईचा पांढरा. चुलतीचा पांढरा, शिवाय त्यात संताप. नणंदेचा पांढरा. शेवटी लेकीला दारातल्या उन्हात नेऊन तिचे डोळे बघितले. दुधासारखे पांढरे. कावीळ डोळ्यांत आधी दिसते, हे मी खालच्या वर्गाच्या पोरांना दर आठवड्याला शिकवत होते.

मी लेकीच्या मांडीवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं, मांडी गोरी झाली. मग मी ओला लंगोट पिळला. त्यातून जे निघालं त्यात वाटीभर कढी झाली असती.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

खोटं काय सांगणार? मी म्हणाले, "कावीळ नाही. हळद आहे. लंगोट मी हळदीच्या कढईत उकळले."

चुलतीचं हसू आधी फुटलं. मग जे सुरू झालं ते थांबेना. एक नणंद तर पाळण्याच्या खांबाला धरून खाली बसली. मी मात्र रडत होते. लेकरू धडधाकट आहे म्हणून रडत होते आणि टर्म गेली म्हणूनही. ओली बाळंतीण, रडायला कारण एक असो की दोन, पाणी तेवढंच येतं.

आत्याबाई नव्हत्या हसत. त्या लंगोटाच्या पाण्यानं पिवळ्या झालेल्या आपल्या हाताकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "रजा कधी सरती हिची?"

आईनं सांगितलं.

"मग तवाच पाठवा हिला. एक दिस उशीर करू नका."

मी नाक पुसायची थांबले. "आत्याबाई, आणि पाच महिन्यांची रीत?"

"रीत गेली खड्ड्यात. तू पाच महिने घरी बसलीस तर गावात एक माणूस निरोगी राहायचं न्हाई. तिथं दवाखान्यात खरे आजारी असतेत, त्यांच्या पापण्या ओढ. लेकराला घेऊन म्या येते तुझ्यासंगं. पण माझी एक शर्त हाय."

"काय?"

"माझ्या डोळ्याला पुन्हा हात लावायचा न्हाई."

त्यानंतर बारसं झालं, सगळ्यांनी हात धुतले, यावेळी खऱ्याच जेवणासाठी.

रजा संपायच्या आदल्या दिवशी आम्ही जीपनं निघालो. मी, लेक, पुस्तकांची पेटी, आत्याबाई, आणि आत्याबाईंच्या पायाशी त्यांची एक दुभती शेळी. बाळंतिणीच्या अंगावर दूध यायचं तर तिच्या पोटात शेळीचंच दूध जायला पाहिजे, यावर त्या हटून बसल्या होत्या, आणि मी वाद घालायच्या परिस्थितीत नव्हते. हॉस्टेलच्या रखवालदारानं जीप अडवली. "माजी, ये बकरी अंदर नहीं चलेगी. यहाँ सोने-उठने का टाइम होता है."

आत्याबाई म्हणाल्या, "काहून नहीं चलेगी? इसको भी मालूम है अंदर कितने बजे सोना है."

आम्ही आत गेलो.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी वॉर्डात उभी होते. सर आले. "घरी सगळं ठीक?"

"हो सर."

तेवढ्यात खालून शेळी ओरडली. सर खिडकीशी गेले. आवारात आत्याबाई एका हातावर माझी लेक आणि दुसऱ्या हातात शेळीचा दोर धरून उभ्या होत्या, आणि तीन वॉर्डबॉय त्यांच्यापुढं ओळीनं उभे राहून काहीतरी ऐकून घेत होते.

सर वळले आणि म्हणाले, "पहिला पेशंट सांगा."

मी सांगायला सुरुवात केली.