बेल्टची नदी

तेलकट हातमोज्यानं त्यानं माझ्या थोबाडात मारली, तोंडावर ब्राउन टेप चिकटवली आणि मराठीत ओरडला, “तुझ्या बोलण्याला गावकुसाबाहेरचा वास येतो रे! लाइनवर फक्त इंग्लिश.”

लेस्टरमधली समोशांची फॅक्टरी. कोल्ड स्टोअर एवढं गार की शिवी दिली तर ती बर्फ होऊन पायावर पडायची. हा सुपरवायझर पुण्याचा, आडनाव सांगण्याआधी घसा साफ करणारा. मी नागपूरकडचा, बौद्ध, एम.ए. बायको नर्स, तिच्या व्हिसावर आलेलो. टेप लावून मी तासभर समोसे भरले. लाइन हसली. टेपच्या आतून मीही हसलो. टेप निघाली तेव्हा अर्धी मिशी घेऊन गेली.

शेजारी गुल होता. तो हसला नाही.

गुल नुरिस्तानी, अफगाणिस्तानातल्या डोंगरांतला. एकाचं छप्पर ते वरच्याचं अंगण, इतकं उभं गाव. तिथं बकरी घसरली तर तिसऱ्या दिवशी खाली पोचते, तीही वाटेत विऊन. त्याची भाषा त्रेगामी, अवघ्या तीन गावांची. चौथ्या गावात पाय ठेवला की संपली. त्या भाषेत तो सगळं नदीवरून सांगायचा: नदीच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला. इथं नदी कुठली? त्यानं बेल्टलाच नदी केलं. “खोका वरच्या अंगाला,” असं तो त्याच्या बोलीत म्हणायचा आणि मी सरकवायचो. मी त्याला आमच्या वऱ्हाडीतलं “कायले”, म्हणजे कशाला, शिकवलं. टेपनंतर आम्ही दोघंही मुके झालो.

मग एका दुपारी ट्रे अडकले. गुल वाकून काढत होता. सुपरवायझर चिडला, त्यानं भरलेली चाकांची रॅक लाथेनं ढकलली. ओल्या फरशीवरून ती रेड्यासारखी आली. मला गुलच्या बोलीतला शब्द येत होता. जिभेवर होता. पण मी नियम पाळला.

“लेफ्ट! लेफ्ट!”

गुलनं वळून माझ्याकडे पाहिलं. तेवढाच वेळ होता. हात रॅक आणि बेल्टच्या मधे सापडला. हाड मोडल्याचा आवाज मशीनच्या वर ऐकू आला. तीन बोटं गेली.

अँब्युलन्स गेल्यावर सुपरवायझरनं ॲक्सिडेंट बुक पुढं केलं. “लिही, त्याला कुठलीच भाषा समजत नाही.”

मी लिहिलं: त्याला भाषा आहे. तिच्यावर इथे बंदी होती. रॅक तुम्ही ढकललीत. मी घाबरून दुसऱ्याच भाषेत ओरडलो.

त्यानं कॉलर धरून माझं डोकं दारावर आपटलं. “व्हिसा विसरलास का? लायकी काय तुझी?”

“थांब बे, दाखोतो,” मी म्हणालो आणि अशी लगावली की तिकडं पुण्यात लोकांच्या कपातला चहा हिंदकळला असेल. तो पडला. उठला. लाइनवरच्या चौघांनी मला बडवलं. रक्त वहीवर सांडलं, पण लिहिलेलं पान मी आधीच फाडून शर्टात कोंबलं होतं.

नोकरी गेली. बायको म्हणाली, “अहो, माफी मागा.” मागणार नाही.

गुलची केस उभी राहील तेव्हा मी साक्षीला जाणार. त्याच्या बोटांआधी माझा भेकडपणा सांगणार. वऱ्हाडीत सांगणार. ज्याला समजत नसेल त्यानं दुभाष्या आणावा.