सुलतानची भावकी आणि भामाबाई

भामाबाई कुत्र्याचं पिल्लू द्यायची ते लेक नांदायला पाठवावी तसं. वर्षातून एकदा बघायला जायची म्हणजे जायचीच. लोहा, कंधार, निलंगा, जिथं पिल्लू तिथं भामाबाई. लातुरात क्लासच्या पोरांचे चाळीस डबे करून कंबर मोडलेली असायची, पण दिवाळीला पोरं गावी गेली की ही भाकरी बांधून एसटीत. शेजारणी हसायच्या, "कुत्र्याला भेटायला कोन जातं ग बाई?"

"माणसं विसरतेत. कुत्रं वळखतं."

कुत्री कारवानी जातीची. लांब पाय, चिंचोळं तोंड. सशामागं सुटली की मागं नुसती धूळ दिसायची.

लातुरात येण्याआधी, त्र्याण्णवच्या भूकंपात भामाबाईचं गावाकडचं घर बसलं आणि लेक रेणुका खाली गाडली गेली. गावातल्या व्यंकटराव गुरुजींचा कुत्रा सुलतान त्या ढिगाऱ्यावर एकाच जागी उभा राहून भुंकत राहिला. तिथं उकरलं, पोर जिवंत निघाली. मग काय, पंचक्रोशीत ज्याची कुत्री माजावर येईल तो तिला सुलतानकडंच आणू लागला. पुढं त्याच्या लेकी त्याच्याच लेकांना, नाती नातवांना. उपकार फेडायची ही तऱ्हा. भामाबाईनंही तेच केलं; तिच्याइतका उपकार दुसऱ्या कुणावर होता?

दहा वर्षांत सुलतान गेला. त्याच्याच वंशातल्या भामाबाईच्या तांबडी कुत्रीचं पहिलं वेत मेलेलंच पडलं. दुसऱ्यातलं एक जगलं, ते बहिरं. लोक म्हणाले नजर लागली. भामाबाई नजर मानणाऱ्यातली नव्हती. त्या दिवाळीला तिनं घरोघर खोदून विचारलं. लोह्यात पिल्लं मेलेली. निलंग्यात नर धडधाकट, पण त्याच्यापासून एकही कुत्री गाभण राहत नव्हती. परतताना एसटीत तिनं बोटांवर मोजून नाती लावली. तांबडीच्या बापाचा बाप सुलतान. आईचा बाप? तोही सुलतान. माणसं मामाची पोरगी करतात, ठीक. पण दर पिढीला त्याच घरात शिरलं तर वंशात नवं येणार कुठून?

तांबडीला सहावं वर्ष सरत आलं होतं. फार तर एक वेत उरलेलं. तेही गेलं की भामाबाईच्या दारातून हा वंश उठला.

ती कंधारच्या माळावर केरबा धनगराकडं गेली. त्याचा काळा नर, कोळसा, कारवानीच, पण कोळशाचा वंश केरबाच्या आज्यानं परभणीकडून आणलेला. सुलतानशी लांबचंही नातं नव्हतं.

"घरानं काय ह्याचं?"

"घरानं न्हाई बाई, नुस्ते पाय हायेत."

"बाप किती जगला? पिल्लं किती जगतेत?"

केरबा चमकला. "सोयरीक बघाया आलीस का कुत्रं?"

"सोयरीकच हाय."

ही खबर लातुरात व्यंकटरावांना लागली. ते आता क्लासवाले सर झाले होते. जीवशास्त्राचे. भामाबाईचे निम्मे डबे त्यांच्याच पोरांचे. तडक दारात आले.

"ज्या कुत्र्यानं तुझी लेक वाचवली, त्याचं शुद्ध रक्त गढूळ करायला निघालीस?"

भामाबाईनं पोळपाटावरून मान वर केली नाही. "शुद्ध रक्ताची गोष्ट आमच्या वस्तीत नका काढू, सर. लई ऐकलीय. आन् तुमीच पोरांला शिकवता ना, जवळच्या नात्यात दडलेला रोग वर येतो म्हनून? डबा खाता खाता घोकतेत. मला पाठ झालंय."

"अगं, ते परीक्षेपुरतं असतं!"

"मग माझ्या तांबडीनं कोनती परीक्षा द्यायची?"

सर पाय आपटत गेले. तांबडी कंधारला गेली.

सात पिल्लं झाली. एक तिसऱ्या दिवशी गेलं, सहा जगली. महिन्यानं ताट वाजवलं तर सहांनीही कान टवकारले. भामाबाई त्या दिवशी भूकंपानंतर पहिल्यांदा रडली. दोघांचे पाय आखूड निघाले. ती तिनं शेतराखणीला दिली आणि बजावलं, ह्यांचा वंश वाढवायचा नाही.

लोक ते लोकच. आता जो तो कोळशाकडं धावू लागला. भामाबाई कडाडली, "ह्याचाबी सुलतान करता का? अक्कल हाय का गहाण ठेवलीय?" मग ज्याची कुत्री येईल तिची आई, आजी, पणजी विचारून ती वेगळ्याच गावाची वाट दाखवू लागली. कागदावर एक अक्षर नाही, सगळं डोक्यात.

वर्षभरानं व्यंकटराव सर पुन्हा दारात. त्यांच्या कुत्रीचं दुसरं वेत मेलं होतं. खाली बघत म्हणाले, "तांबडीचा एक नर द्याल का?"

"न्हाई देत. त्याची आई तुमच्या कुत्रीची सख्खी भन. पुन्हा तेच होईल. देगलूरला चन्नबसप्पाकडं जावा."

"त्याचा वंश कुठला?"

"तोंडी सांगून तुमच्या ध्यानात राहायचं न्हाई."

सर पायरीवर बसले. खिशातून पेन काढला, डायरी मांडीवर उघडली. "सांगा, भामाबाई."

"आईकडनं धरा. बापाचं तर सगळेच लिव्हतेत."