एकच्या आत बोटीपाशी

रेस एका रविवारी झाली आणि त्याच दिवशी संपली. तिचे किस्से मात्र वर्षभर आमच्या कॅन्टीनमध्ये चालू आहेत. दर दोन महिन्यांनी नवीन ट्रेनी येतात, त्यांना कुणीतरी सांगायला बसतं आणि सांगता सांगता डोंगर थोडा उंच होतो. खरी सायकल चाळीस किलोमीटर होती. परवा आमच्या टीममधल्या विकासनं ती साठवर नेली. मी समोरच बसले होते, पण काही बोलले नाही, कारण माझ्या सांगण्यातली थंडीसुद्धा आतापर्यंत चार डिग्रीनं वाढली आहे.

म्हणून म्हटलं, एकदा मापात लिहून ठेवू.

* * *

आमची कंपनी चाकणला. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवतो. मी क्वालिटीत आहे, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामाला नाही म्हणायचा मला पगार मिळतो.

गेल्या हिवाळ्यात एचआरच्या सरांनी नोटीस बोर्डावर कागद लावला. डोंगरातली ॲडव्हेंचर रेस. आधी सायकल, मग डोंगर ओलांडून पळायचं, शेवटी धरणात वल्ह्याच्या छोट्या बोटी. चौघांची टीम, चौघांनी एकत्रच पोचायचं, आणि चौघांत एक बाई हवीच.

आमच्या प्लांटमध्ये बायका तीन. एक बाळंतपणाच्या रजेवर होती. दुसरीनं त्याच दिवशी गुडघ्याचा एक्स-रे आणून दाखवला. एक्स-रे तिच्या सासूबाईंचा होता हे मी कोपऱ्यातलं नाव वाचून ओळखलं, पण तोवर माझं नाव लिहून झालं होतं.

मेंटेनन्समधून लातूरचा विकास आला. स्टोअरमधून नितेश आला, तो कोकणातला. चौथं नाव आलं ते ऐकून सर खुर्चीतून उठले. मारुतीकाका! प्रेस शॉपमधले सगळ्यात जुने ऑपरेटर, रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलेलं.

सर म्हणाले, "काका, हे तरुणांचं काम आहे."

काका म्हणाले, "मग त्यांनी यावं की माज्या मागं."

* * *

काका का आले ते त्यांनी चहाच्या सुट्टीत मला सांगितलं. नोटिशीवरच्या नकाशात धरण निळ्या रंगानं दाखवलं होतं. त्या निळ्यात एका जागी त्यांनी बोट ठेवलं.

"ताई, हितं माजं आजोळ हाय."

धरण झालं तेव्हा त्यांच्या मामाचं गाव पाण्याखाली गेलं. मामा लोकांना लांब कुठंतरी जमीन मिळाली, ते तिकडं गेले. उन्हाळ्यात पाणी उतरतं, काठाची एकदोन गावं उघडी पडतात, पण हे गाव सगळ्यात खोलात. ते कधीच वर येत नाही. आणि धरणात बोट घालायला परवानगी नाही. काकांनी दोनदा प्रयत्न केला होता, दोन्ही वेळा वॉचमननं हाकललं.

"तीस वर्सं काठावरनं बघतोय," काका म्हणाले. "एकदा त्याच्यावर जाऊन यायचंय. बास."

नियमात एक अट होती. बोटीपाशी दुपारी एकच्या आत पोचायचं. उशीर झाला तर बोट बंद, टीमला टेम्पोत घालून रस्त्यानं फिनिशला नेणार. काकांना मेडल नको होतं. टी-शर्ट त्यांनी आधीच पुतण्याला कबूल केला होता. त्यांना फक्त एकच्या आत बोटीपाशी पोचायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना मिळालेली टीम म्हणजे आम्ही. मला काकांची मनापासून दया आली.

* * *

बोटीची प्रॅक्टिस कुठं करायची हा पहिला प्रश्न. नितेश म्हणाला, "मी कोकणातला आहे, पाण्याचं माझ्यावर सोडा."

त्यानं स्टोअरमध्ये एक लाकडी पॅलेट घेतलं, ते हातानं ओढायच्या ट्रॉलीवर ठेवलं आणि आम्हाला त्यावर मागेपुढे बसवलं. हातात झाडू दिले. विकास ट्रॉली ओढायचा, आम्ही दोन्ही बाजूंनी हवा मारायचो. "डावा! उजवा! लयीत, लयीत!" नितेश ओरडायचा. तीन दिवस छान चाललं. चौथ्या दिवशी सेफ्टी ऑफिसर आला. तो दारात उभा राहून बराच वेळ बघत होता.

दुसऱ्या दिवशी आम्हा चौघांना मेमो मिळाला. मेमोत झाडूचा उल्लेख नव्हता, बोटीचा नव्हता, वेळ वाया घालवल्याचा तर नव्हताच. हेल्मेट न घालता चालत्या ट्रॉलीवर बसल्याबद्दल होता.

मेमोवर सही करताना काकांनी नितेशला सहज विचारलं, "तुला पवता येतं ना रं?"

नितेश म्हणाला, "काका, आमचं गाव कोकणात आहे हे खरं. पण वर, घाटाच्या पायथ्याला. समुद्र मी सहलीला गेलो तेव्हा बघितला."

* * *

पळायची प्रॅक्टिस मात्र रस्त्यावर केली. शनिवारी सकाळी कंपनीच्या बसनं निम्म्या वाटेपर्यंत यायचं आणि तिथून पळत प्लांट गाठायचा, असं ठरलं. मी रहाटणीत राहते, मला बस पहाटेच पकडावी लागते. त्या दिवशी चाकणच्या अलीकडे नेहमीप्रमाणे ट्रॅफिक तुंबलं होतं. आम्ही उतरलो आणि उभ्या ट्रकांच्या कडेनं पळायला लागलो.

थोड्या वेळानं मागून पावलांचा आवाज आला. वळून बघितलं तर आमच्याच बसमधली सात माणसं मागून पळत येत होती. वेल्डिंगचे, पेंट शॉपचे, एक तर अकाउंट्समधला. मला अगदी भरून आलं. म्हटलं, कंपनीनं कधी नाही ते टीम म्हणून काहीतरी केलं. मी हात हलवून त्यांना प्रोत्साहन दिलं.

ते आमच्या शेजारून पुढं निघून गेले. त्यांना हजेरीचं पंचिंग गाठायचं होतं, आणि सातच्या सात आमच्या आधी पोचले.

* * *

रेसच्या दिवशी सकाळी साडेसहाला स्टार्ट. धुकं असं की समोरच्या सायकलचं मागचं चाक तेवढं दिसत होतं. एचआरचे सर बॅनर घेऊन हजर. सोबत प्लांट हेडसाहेबांचा निरोप होता की टीमचा फोटो बॅनरसकट हवा.

पहिल्या फोटोत बॅनर उलटा आला. दुसऱ्यात बॅनर सुलटा, पण त्याच्यामागं आम्ही दिसेनासे झालो. तिसऱ्यात धुक्यानं बॅनरही दिसेना. चौथ्याच्या वेळी पाठीमागे शिट्टी वाजली आणि बाकीच्या टीम निघून गेल्या. काका पायडलवर पाय ठेवून उभे होते.

"सर, सोडा आता," काका म्हणाले. "एकला बोट हाय."

सर म्हणाले, "काका, अजून सहा तास आहेत."

काका म्हणाले, "तुमी लग्नाची पंगत कवा वाढली न्हाई वाटतं."

फोटो झाला तेव्हा आम्ही अकरा मिनिटं मागं होतो. तो फोटो आज रिसेप्शनला लावलाय. त्यात आम्ही तिघं हसतोय, आणि काका एकटेच घड्याळाकडं बघतायत.

* * *

ही पुढची गोष्ट मी स्वतःहून सांगते, कारण विकास ती सांगतो तेव्हा मला फार वाईट दाखवतो.

विसाव्या किलोमीटरला विकासची सायकल पंक्चर झाली. तो उतरला, आणि सायकलला हात लावायच्या आधी त्यानं पाठीवरच्या पिशवीतून लाल पाटी काढून हँडलला अडकवली. "सावधान, मशीनवर काम चालू आहे." कंपनीतली पाटी. ती लावल्याशिवाय मेंटेनन्सवाले मशीन उघडत नाहीत, हे मी सात वर्षं बघतेय. पण त्या डोंगरात सायकल चालू करणारं दुसरं होतं कोण!

पंक्चर त्यानं सहा मिनिटांत काढलं, हे मान्य केलं पाहिजे. मग उभा राहिला.

"चल की," मी म्हटलं.

"ओके द्या की मॅडम," तो म्हणाला. "क्वालिटीच्या ओकेशिवाय मशीन कसं चालू करायचं?"

इथं मी हसून पुढं जायला हवं होतं. मी खाली बसले. चाक फिरवून बघितलं, ब्रेक दाबून बघितले, आणि सीट रिजेक्ट केली. ती डावीकडं वाकडी होती.

विकासनं सीट सरळ केली. मी परत बघितली. एवढ्यात नऊ मिनिटं गेली आणि दोन टीम शेजारून निघून गेल्या. काका रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी मला बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

* * *

डोंगर उतरून शेवटच्या वाडीत आलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. बोट चार किलोमीटरवर. वाडीत काकांचे चुलत मेहुणे निघाले. छातीवर नंबर लावून पळणारे काका बघून ते ओट्यावरून उठलेच.

"दाजी, कुनाची मयत झाली?"

"कुनाची न्हाई. कंपनीची रेस हाय."

"आज रविवार ना? ओव्हरटाइम देत्यात का?"

"न्हाई."

"मग पळताय कशाला?"

काकांना थांबून सांगायला वेळ नव्हता. मेहुण्यांनी त्यांच्याकडं नीट बघितलं, मग दारातली मोटरसायकल काढली आणि किक मारून शेजारी आणली. "बसा मागं. कुठं जायचं तिथं सोडतो."

पाच मिनिटांचं काम होतं. काकांनी घड्याळ बघितलं आणि एक पाय उचलून मागच्या सीटवर टाकलासुद्धा. मला विचाराल तर मी तिकडं बघतच नव्हते. रिजेक्ट करायची माझी हिंमत नव्हती.

काकांनी पाय परत खाली घेतला. "गाडीवर बसलेलं कळलं आन् बोटीत बसू दिलं न्हाई तर?" असं म्हणाले आणि पळायला लागले.

मेहुण्यांना पाहुणा असा सोडवेना. ते मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकून काकांच्या शेजारून चालवत राहिले. तीन किलोमीटर. वाटेत त्यांनी धाकट्या मुलीच्या सोयरिकीचं सगळं सांगितलं, मुलाकडची माणसं कशी, मुलगा काय करतो, आणि काकांचं मत विचारलं. काका धापा टाकत म्हणाले, "चांगलंय." त्या एका शब्दावर पुढं सोयरीक पक्की झाली.

* * *

काठावर पोचलो तेव्हा एकला चार मिनिटं कमी होती. शिट्टी गळ्यात अडकवलेला एक तरुण मार्शल आमची वाट बघत उभा होता, म्हणजे आम्ही शेवटचे. "फास्ट, फास्ट!" तो म्हणाला. "समोर लाल झेंडा दिसतो? सरळ तिकडं. चाळीस मिनिटांत पोचाल."

दोन बोटी. पुढच्या बोटीत काका आणि विकास, मागच्या बोटीत मी आणि नितेश. नितेशनं डोळे मिटले होते आणि झाडूचीच लय मनात धरून वल्हं मारत होता.

दहा मिनिटं आम्ही सरळ गेलो. मग काकांनी वल्हं थांबवलं. समोरच्या डोंगराच्या सोंडेकडं बघितलं, मग मागं वळून टेकडीकडं बघितलं.

"हितनं डावीकडं," ते म्हणाले.

विकास म्हणाला, "काका, झेंडा उजवीकडं आहे की."

"रस्ता हिकडनं हाय."

आम्ही डावीकडं वळलो. समोर नुसतं पाणी होतं, चहूकडं सारखंच. काका मात्र गल्लीतून चालल्यासारखे चालले होते. "आता उजवीकडं. कडंकडंनं या. मधी हीर हाय." नितेशनं डोळे उघडले. आम्ही विहिरीच्या कडेनं गेलो. पुढं शाळा आली. तिथं काका थोडे थांबले, मग परत निघाले.

"हे मामाचं," ते म्हणाले. "वळसा घाला. घरावरनं न्हाई जायचं."

आम्ही मोकळ्या पाण्याला वळसा घातला. त्या वेळी ते मला अजिबात विचित्र वाटलं नाही.

काठावरून मात्र वाटलं असणार. मोटरबोटीचा आवाज आला आणि तो मार्शल पाणी उडवत आमच्याशेजारी आला. "काय झालं? कुणाला चक्कर आली का? फिनिश सरळ आहे, तुम्ही गोल गोल का फिरताय? अजून वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात पोचा, नाहीतर टीम बाद होईल."

काकांनी मागं न बघता हात वर केला.

"हितं देऊळ हाय," काका हळू आवाजात म्हणाले. "पायताणं काडा."

आम्ही वाकलो. नाड्या ओल्या होत्या, दोन दोन गाठी मारलेल्या, आणि बोटी हलत होत्या. काकांनी बूट काढून मांडीवर घेतले, पाण्याकडं बघून हात जोडले. मी हात जोडले. विकासनं जोडले, नितेशनं एका हातानं बोटीची कड धरून दुसरा हात छातीला लावला.

मार्शलनं आमच्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं बघितलं, मग पाण्याकडं. मग त्यानं मोटार बंद केली, फळीवर टेकला आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला.