कोरडा दिवस

आज दाराशी आरोग्य खात्याचं पत्रक पडलं होतं: डेंग्यू टाळा, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पिंपं रिकामी करा. शाईच्या वासानं मला दुष्काळी भागातल्या वाशी गावातलं आमचं जुनं घर आठवलं. धाकटी बहीण डेंग्यूच्या तापानं फणफणत होती. आरोग्यसेविका ताईंनी असंच पत्रक आईच्या हाती दिलं आणि पिंपात बॅटरी मारली. अळ्या वळवळत होत्या.

"वहिनी, हे पाणी ओतून द्या."

"ओतते की," आई म्हणाली. "नळ पंधरा दिवसांनी येतो. तवर पोरीला काय पाजू, तुमचं पत्रक?"

ताईंनी बॅटरी बाजूला ठेवली. मग दोघींनी मिळून पाणी जुन्या लुगड्यातून गाळलं आणि पिंपाचं तोंड बांधलं.

तेव्हा मला आई उद्धट वाटली होती. आजच्या पत्रकातही बाईनं काय करायचं ते सगळं आहे. नळ रोज कुणी सोडायचा, ते कुठंच नाही.