घडांना लावलेले शब्द

परदेशात पुढचं शिकायला जायचं तर एक परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात असे इंग्रजी शब्द विचारतात, जे खुद्द इंग्रजांनाही रोज लागत नसावेत. त्या शब्दांसाठी मी नोकरी सोडली, नाशकात गंगापूर रोडला एक खोली घेतली आणि दिवसभर जवळच्या अभ्यासिकेत बसू लागले. तिथली बाकी सगळी मुलं-मुली स्पर्धा परीक्षांची. कुणाला तलाठी व्हायचं होतं, कुणाला फौजदार.

चहाच्या सुट्टीत टपरीवर ती एकमेकांना प्रश्न विचारायची. हा तिला पंचायत राज विचारणार, ती त्याला नद्या. मी कटिंग घेऊन बाजूला उभी. माझे शब्द मला कोण विचारणार? शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं एकदा माझा कागद उचलून पाहिला आणि म्हणाली, "ताई, हे केल्यावर कुठली पोस्ट मिळते?"

"पोस्ट नाही मिळत," मी म्हणाले. तिनं तो कागद इतक्या हळुवारपणे खाली ठेवला की मला माझीच कीव आली.

शब्द लक्षात राहावेत म्हणून मी त्यांना घरची माणसं लावून टाकली. टॅसिटर्न म्हणजे अबोल, म्हणजे वडील. गॅरुलस म्हणजे बडबडी, म्हणजे आत्या. त्यानं शब्द पाठ झाले, पण दिवसभर घर आठवत राहायचं. कधी कधी सबंध दिवसात "एक कटिंग" एवढंच बोलणं व्हायचं. एकटेपणाला इंग्रजीत किती शब्द आहेत ते मला पाठ होतं, त्याचा उपयोग शून्य. फार एकटं वाटायचं.

परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा दोन दिवस घरी गेले. आमचं गाव दिंडोरीजवळ, द्राक्षबागेतच घर. चार महिन्यांचे शब्द मी सुट्या फुलस्केप कागदांवर लिहिले होते, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. तो गठ्ठा मी पडवीत ठेवला, जेवले आणि खूप दिवसांनी गाढ झोपले.

आता आमच्याकडे डिसेंबरात घडांना कागद लावतात. उन्हानं आणि थंडीनं मणी गुलाबी पडू नयेत म्हणून एकेक घड कागदात गुंडाळायचा आणि वर स्टेपलर मारायचा. त्यासाठी वर्षभराची रद्दी पडवीतच साठवलेली असते. हे मला लहानपणापासून माहीत, तरी गठ्ठा ठेवला तो नेमका तिथंच. सकाळी उठले तर पडवी रिकामी आणि मजूर बाया बागेत.

मी धावत गेले. वर्तमानपत्रांच्या गर्दीत मधूनच माझ्या अक्षरातले घड लटकत होते. फुलस्केप अपुरा पडतो म्हणून बायांनी दोन-दोन कागद जोडून लावले होते. आई तिथंच होती. चूक माझी होती, पण मी तिच्यावर ओरडले. "हाताने लिहिलेलं दिसत नाही का? पण तुला काय कळणार त्यातलं," असं सगळ्या बायांसमोर म्हणाले. मी घरात येऊन पडून राहिले.

दुपारी बाया जेवायला बसल्या तरी आई आली नाही, म्हणून बघायला गेले. ती मांडवाखाली वाकून एकेक घड सोडवत होती. पिन नखानं उचकटायची, माझा कागद काढून मांडीवर सरळ करायची आणि घडाला वर्तमानपत्र लावायची. नखाजवळ रक्त आलं होतं. मला फार लाज वाटली.

"बघ बरं सगळे हायेत का," ती म्हणाली. "क्रम मात्र लागायचा नाय."

"क्रम नाही लागत. कुणी मधूनच विचारलं तर उलट बरं असतं."

"मग कोण विचारतं तुला तिथं?"

"कुणी नाही."

ती बांधावर बसली आणि एक कागद डोळ्यांपाशी धरला. आई सातवी शिकलेली. डावीकडची तिला नुसती अक्षरं ओळखू यायची, पण उजवीकडचं वाचता येत होतं. "अबोल," तिनं वाचलं.

"टॅसिटर्न."

तिनं पहिलं अक्षर बोटानं तपासलं आणि मान हलवली. मग थोडा वेळ टिकणारा, मग हट्टी, मग उधळ्या. चार महिने मी कुणीतरी विचारावं म्हणून झुरत होते आणि आईला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"हे सगळं आलं म्हंजी जायचं ना तिकडं?" मध्येच तिनं विचारलं.

"हो."

"किती वर्सं?"

"दोन. जास्तही होतील."

ती "बरं" म्हणाली आणि पुढचा कागद घेतला. मला एकदम तिथून कुठंही जावंसं वाटेना. तिनं पुढचा अर्थ वाचला, मला शब्द येत होता, पण मी म्हणाले, "हा नाही येत."

तिनं कागद खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"असं नाय चालायचं," ती म्हणाली. "मग जाशील कशी?"

आणि तिनं तोच अर्थ पुन्हा वाचला, या वेळी सावकाश.