पेट्रोलच्या तळाशी पाणी

पेट्रोलचा वास आला की ऐंशीच्या दशकातली नाशिकच्या धावपट्टीवरची ती सकाळ आठवते. मी पहिल्यांदाच एकटी विमान उडवणार होते आणि ते बघायला वडील सिन्नरहून एसटीने आले होते. उड्डाणाआधी मी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं, तर तळाशी पाणी दिसलं. इंजिनात पाणी गेलं तर ते हवेतच बंद पडतं. "सर, मी नाही उडवणार," मी म्हणाले. प्रशिक्षकांनी बाटली उजेडात धरली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि उड्डाण रद्द केलं. वडील हिरमुसतील असं वाटलं होतं, पण परतीच्या गाडीत माझ्यासमोरच ते शेजारच्याला सांगत होते, "माझ्या पोरीनं आज विमान थांबवलं!" पुढे मी खूप विमानं उडवली, तरी मलाही अजून तेच आधी सांगावंसं वाटतं.